दोऱ्याचं दुसरं टोक

लखनौत मी एकटी राहायला लागले तेव्हा तिशी ओलांडली होती. मी मूळची साताऱ्याकडची. मातीवर डॉक्टरेट केली आणि इथल्या एका संशोधन संस्थेत लागले. ऐंशी साल उजाडायला अजून दोन-तीन वर्षं होती. अलीगंजमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. खाली घरमालकांचं भरलेलं कुटुंब होतं. जिन्यात गाठ पडली की मालकीणबाई विचारायच्या, "खाना हो गया?" मी म्हणायची, "हां जी." संस्थेबाहेरचं माझं दिवसभराचं बोलणं तेवढंच. मराठी मंडळींच्या गणपतीला पहिल्या वर्षी गेले, तर तिघींनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लग्नाचं विचारलं. दुसऱ्या वर्षी ताप आल्याचं कळवून टाकलं. मराठी बोलायची ती मी जीपमध्ये, स्वतःशीच.

जीप माझी स्वतःची होती. त्याचं कारण संस्थेचा एक फॉर्म. शेतावर जायला गाडी हवी असली की तो भरायचा, आणि मी भरला की वरचे साहेब विचारायचे, "सोबत कोण?" सोबत कुणी नसायचं. एक वयस्क शास्त्रज्ञ निवृत्त होताना त्यांची जुनी लष्करी जीप विकायला काढत होते, ती मी घेतली आणि फॉर्म भरणं बंद केलं.

माझे प्रयोगाचे वाफे बख्शी का तालाब या कसब्याच्या पलीकडे, डांबरी रस्ता सोडून बरंच आत होते. ती ऊसर जमीन. उन्हाळ्यात वर पिठासारखा पांढरा खार फुटायचा आणि गवताची काडी उगवायची नाही. तिथे काय घातलं की भात येईल, हे मी शोधत होते. वाटेवर बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या होत्या. चाकं चाकोरीत गेली की मधला उंचवटा जीपच्या पोटाला घासायचा. दोनदा ती अशी अडकून बसली की चाकं हवेतच फिरत राहिली. दोन्ही वेळा लोकांनी बैल जुंपून ओढून काढलं, आणि दोन्ही वेळा मला तोच प्रश्न ऐकावा लागला, "साथ में कोई नहीं है?"

गाडी दोन इंच उचलून घ्यायची, असं मी ठरवलं.

सीतापूर रस्त्यावर, बख्शी का तालाबच्या थोडं अलीकडे, एका कडुनिंबाखाली पत्र्याची शेड होती. तिथले मिस्त्री हवाईदलातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. वय साठीच्या आसपास. इंजिनांच्या आवाजानं उजवा कान गेलेला, डोळ्यांना जाड चष्मा. बायको वारलेली. हाताखाली कुणी नाही, सगळं काम एकट्याचं. मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी वाकून जीपच्या पोटावरचे ओरखडे पाहिले.

"पेट उठ जाएगा, मॅडम. गोला वहीं रहेगा, जहां है," ते म्हणाले. गोला म्हणजे ॲक्सलच्या मधला तो लोखंडी फुगवटा. तो उचलायला मोठी चाकं लागतात.

"पेट उठ जाए तो भी काफ़ी है," मी म्हटलं.

"उठाना आसान है. उठाने के बाद चाल बिगड़ती है, वो ठीक करनी पड़ती है. उसमें वक़्त लगेगा."

चाकांवरच्या पट्ट्यांच्या ज्या स्प्रिंगांना आपण पाटे म्हणतो त्यांना ते कमानी म्हणत. चारही कमानींत त्यांनी एकेक जास्तीचा पाटा घातला आणि टोकांना धरणाऱ्या कड्या लांब केल्या. दोन दिवसांत जीप टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. मला ती फार आवडली. मिस्त्रींनी हिंदीतूनच बजावलं, "हळू चालवा. चार दिवसांत नवे पाटे बसतील. मग इकडे घेऊन या. स्टिअरिंगचं काम त्याशिवाय होणार नाही. विसरू नका."

मी विसरले नाही. पण गेलेही नाही. वाफ्यांवर भातानंतरच्या गव्हाची पेरणी तोंडावर आली होती, आणि चाकोऱ्यांतून जीप आता डौलात जात होती. सरळ रस्त्यावर ती थोडी इकडेतिकडे भरकटायची, वळणानंतर चाक आपलं आपण सरळ व्हायचं नाही, हातानं आणावं लागायचं. मी मनाशी म्हटलं, सवय होईल.

तेराव्या की चौदाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, सीतापूर रस्त्यावर पुढचं डावं चाक एका खड्ड्यात आपटलं. त्याबरोबर पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागली. मी ब्रेक दाबला तर ते वाढलंच. स्टिअरिंग माझ्या हातांतून असं हिसकलं गेलं की अंगठा मुरगळला. दात एकमेकांवर आपटत होते. समोरून ट्रक येत होता. मी काय केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. जीप रस्त्यावरून उतरली आणि मोहरीच्या शेतात शिरून थांबली. ट्रक हॉर्न देत निघून गेला. मला काही झालं नव्हतं. मी बराच वेळ बसून राहिले, आणि मनात एकच विचार येत होता, की झालं असतं तर कळवायला इथे कुणाला सांगितलं असतं? घरमालकांना साताऱ्याचा पत्ताही माहीत नव्हता.

ताशी दहा मैलांनी जीप हाकत मी शेडपाशी गेले. तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. मिस्त्रींनी मोहरीची पिवळी फुलं बंपरमधून काढली, माझा सुजलेला अंगठा पाहिला आणि आधी हँडपंपाखाली हात धरायला लावला.

"अकेली थीं?"

"हां."

"और कोई होता तो गाडी बेहतर चलती?" असं म्हणून ते स्वतःच हसले. तो प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी अशा सुरात विचारला होता.

मग त्यांनी खडूनं जमिनीवर चित्र काढून समजावलं. पुढचं चाक ज्या उभ्या खिळ्यावर वळतं तो वरून किंचित मागे कललेला असतो. सायकलचा पुढचा दांडा असतो ना, तसा. त्या कलण्यामुळे चाक आपण होऊन सरळ येतं. आम्ही कडी लांब केली आणि तो खिळा ताठ झाला, म्हणून गाडी सैरभैर झाली. त्याला उपाय म्हणजे ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडाची पाचर. किती अंशांची, ते करूनच बघायचं.

तो हिवाळा त्यातच गेला. मी शनिवारी दुपारी जायची. पहिली पाचर कमी पडली. दुसरीनं चाल सुधारली, पण स्टिअरिंगचा दांडा तिरपा झाला होता, त्यामुळे गाडी खड्ड्यात दबली की चाक आपोआप उजवीकडे ओढायचं. तो दांडा त्यांनी आखूड केला, त्याला वळवणारा लोखंडी हात बदलला. ब्रेकच्या नळ्या ताणल्या गेल्या होत्या, त्या लांब घातल्या. प्रत्येक दुरुस्तीनंतर आम्ही दोघं गाडी घेऊन तालाबपर्यंत जायचो. मी चालवायची, ते शेजारी. त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नसल्यानं आवाज मला ओळखून सांगावे लागत. माझं हिंदी तिथे अपुरं पडायचं. मग मी मराठीतच सांगायची, कुरकुरतंय, खडखडतंय, आता नुसतं टकटक होतंय. महिन्याभरात तेच विचारायला लागले, "कुरकुर गया? खडखड है अभी?" लखनौत माझ्याशी मराठीतले चार शब्द बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

शेवटचं काम दोऱ्याचं. पुढची दोन चाकं वरून पाहिली तर पुढच्या अंगाला एकमेकांच्या किंचित जवळ हवीत, आगपेटीच्या काडीच्या जाडीइतकी. टायरांवर खडूची रेघ ओढायची आणि दोरा ताणून आधी पुढून, मग मागून अंतर मापायचं. दोऱ्याला दोन माणसं लागतात. दुसरं टोक मी धरलं. "कसके," ते म्हणाले. मी घट्ट धरलं, म्हणजे मला तसं वाटलं. त्यांनी दांडा फिरवून माप जुळवलं, त्याच्या जुन्या पिना काढून नव्या घातल्या आणि पिनेचे दोन्ही पाय दोन बाजूंना वळवून सपाट ठोकले. विमानांवर काम करणाऱ्यांची ही सवय, असं म्हणाले.

जीप आता सरळ धावायला लागली. तरी शनिवारी जाण्याचं मी थांबवलं नाही. ते चहा करायचे आणि रस्ता कसा होता ते विचारायचे. मोठ्या पिंपळापाशी वळताना चाक ओढतं का? पुढे शाळेची भिंत लागते, ती पडली होती, बांधली का? शाळेनंतर जी विहीर आहे तिथे चिखल असतो का? तिथे बायका पाण्याला असतात, तेव्हा गाडी हळू काढता ना? मला वाटायचं, किती बारकाईनं काम करतात. तो रस्ता त्यांना इतका पाठ कसा, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी त्याच विहिरीपाशी रेडिएटरमध्ये पाणी घालायला मी थांबले. समोरच्या घरातून एक बाई बादली घेऊन आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल, कडेवर मूल. तिनं पाणी ओतलं, मूल माझ्या हातात दिलं आणि मला काही कळायच्या आत पदर खोचून जीपच्या पुढच्या बाजूनं खाली वाकली. मग सरळ पाठीवर झोपून आत सरकली. फक्त पाय दिसत होते.

आतून तिचा आवाज आला, "पिन दोनों तरफ़ मुडी है."

मूल माझ्या चष्म्याशी खेळत होतं.

ती बाहेर आली. केसांत माती. टायरच्या नक्षीवर तिनं तळवा एकदा आतून, एकदा बाहेरून फिरवला. मग माझा हात धरून तसाच फिरवायला लावला. एका बाजूनं रबर गुळगुळीत लागत होतं, उलट फिरवलं की बोचत होतं.

"टायर बाहर से घिस रहा है. चक्के ज़्यादा अंदर हैं. दोरा किसने पकडा था?"

"मैंने."

तिनं मूल परत घेतलं आणि म्हणाली, "उनसे कहिए, दोरा ढीला था."

शनिवारी मी मिस्त्रींना निरोप जसाच्या तसा सांगितला. ते पाना पुसत होते, तो खूप वेळ पुसत राहिले. कुणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "बच्चा चलता है?"

"अभी नहीं. गोद में था."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. मुलगी आठ वर्षांची असल्यापासून शेडमध्ये त्यांच्याबरोबर असायची. दोऱ्याचं दुसरं टोक तिच्याच हातात असे. मोठी झाल्यावर तिनं दुसऱ्या बिरादरीतल्या, ट्यूबवेलचं काम करणाऱ्या मुलाशी लग्न केलं. ते म्हणाले होते, या दारात पाय ठेवू नकोस. तिनं ठेवला नाही. आई गेली तेव्हासुद्धा रस्त्याच्या पलीकडे उभी राहून परत गेली. त्या लग्नाला सहा वर्षं होत आली होती. अंतर होतं मोजून सहा मैलांचं.

आम्ही पुन्हा मापलं. खरंच दोन काड्यांचा फरक होता. या वेळी मी दोरा बोटाला गुंडाळून धरला.

त्यानंतर सहा महिने मी त्या दोघांमध्ये ये-जा केली. ती खाली वाकून काहीतरी शोधायची. यू-बोल्ट पुन्हा आवळायला हवेत, म्हणावं. डाव्या शॉकअपमधून तेल येतंय. मी ते शेडमध्ये सांगायची, ते दुरुस्त करायचे, आणि पुढच्या खेपेला ती बघून म्हणायची, "हां, अब ठीक." शाबासकी कधी कुणी कुणाला दिली नाही. कधी ते नव्या नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचे. तो ठिपका ती नखानं चाचपायची. एकदा मी मिस्त्रींना सरळ म्हटलं, चला माझ्याबरोबर. ते बसले. पिंपळापर्यंत आलो. शाळेची भिंत दिसली तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडी सीधी चल रही है. वापस लीजिए." मी वळवली.

मला सुरुवातीला आपण काही चांगलं करतोय असं वाटायचं. पुढे पुढे ते वाटणं विटत गेलं. दोघंही गाडीकडे बघायची. मी आले की आधी बॉनेट, मग मी. त्या वर्षी माझे वाफे फसले होते, भात पिवळा पडला होता, वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर मला ऐकवलं होतं. घरी येऊन हे सांगायला भिंती होत्या. आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती नेहमीप्रमाणे जीपखाली शिरली आणि खालून म्हणाली, "उनसे कहिए, पाचर की तरफ़..."

"मैं नहीं कहूंगी," मी ओरडले. आवाज इतका चढला की विहिरीवरच्या बायका थांबल्या. माझं हिंदी तुटायला लागलं आणि निम्मं मराठीत बाहेर पडलं. "मी काय टपालपेटी आहे का? सहा महिने तुमच्या दोघांचे निरोप वाहतेय. टायर कसा आहे, पिन कशी आहे. मी कशी आहे, हे एकदा तरी विचारलंत? तुम्हाला बाप आहे, सहा मैलांवर आहे. माझं सगळं हजार मैलांवर आहे. स्वतः जा आणि सांगा काय सांगायचं ते!"

तिला मराठी किती कळलं कोण जाणे. ती बाहेर आली, माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. मला रडू फुटलं होतं आणि त्याची लाजही वाटत होती. तिनं मला आत नेलं, खाटेवर बसवलं, समोर गरम रोटी आणि गूळ ठेवला. "पहले खाइए," म्हणाली. मी खाल्लं. मी खात असताना तिनं मुलाला सासूकडे दिलं, हात धुतले. हातांना कणीक होती, ती पुरती निघालीच नाही. मग जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली.

"चलिए."

वाटेत ती बोटांवरची कणीक खरवडत होती. शेडपाशी मिस्त्री एका ट्रॅक्टरखाली होते. तिनं हाक मारली नाही. आत गेली आणि खिळ्याला टांगलेली दोऱ्याची गुंडी उतरवली. ती कुठे असते हे तिला विचारावं लागलं नाही. मिस्त्री बाहेर सरकले. आधी त्यांना तिचे पाय दिसले असतील. उठून उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पाचर की तरफ़ से कमानी खिसक रही है," ती म्हणाली.

"देखता हूं," ते म्हणाले.

तिनं दोऱ्याचं एक टोक पुढे केलं. त्यांनी धरलं. दोघं जीपच्या दोन बाजूंना उकिडवी बसली आणि मापायला लागली. दोन-तीनदा मापलं. मधेच त्यांनी खाली मान घातली ती बराच वेळ वर केली नाही, आणि तिनं दोरा तसाच ताणून धरला. मी कडुनिंबाखालच्या बाकावर बसून होते. तिथे माझी काही गरज नव्हती. मी रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले.

त्यानंतरचं सगळं चांगलंच झालं. जावई येऊन पाया पडून गेला. पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री शेड बंद करून मुलीच्या गावी राहायला गेले. घराच्या पडवीत पंप आणि इंजिनं दुरुस्त करायला लागले. नातू चालायला लागला होता. मी वाफ्यांवर जाता-येता थांबायची. मला चहा मिळायचा, हंगामात पेरू मिळायचे. ती सगळी आपापसांत भराभरा अवधी बोलीत बोलायची आणि हसायची, मग कुणाच्या तरी लक्षात यायचं आणि मला हिंदीत अर्थ सांगितला जायचा. पंधरा मिनिटं बसून मी उठायची. कुणी वाईट वागलं नाही. शनिवारची दुपार मात्र पुन्हा मोकळी झाली. काही महिने मी त्या वेळी नुसतीच सीतापूर रस्त्यानं जाऊन यायची. शेडचे पत्रे कुणीतरी काढून नेले होते.

दहा-बारा वर्षं गेली. वाफे अखेर पिकले. माझा अहवाल छापून आला, मला संस्थेतच टेबलाचं काम मिळालं, आणि मी इंदिरानगरला स्वतःच्या घरात राहायला गेले. तिथे जीप ठेवायला जागाही नव्हती आणि मला ती लागतही नव्हती. एका रविवारी मी ती मुलीकडे नेऊन दिली. ट्यूबवेलचे पाइप वाहायला त्यांना हवीच होती. मिस्त्री आता फारसे दिसत नसलेल्या डोळ्यांनी चाकांवरून हात फिरवत होते. मी निघाले तेव्हा मुलगी म्हणाली, "छोड आती हूं आपको." मी नको म्हटलं. डांबरी रस्त्यापर्यंत चालत आले आणि बस पकडली.

बस भरलेली होती. एका म्हातारीनं सरकून जागा दिली, तिच्या मांडीवर कोंबडी होती. कंडक्टरनं माझ्या मागेपुढे पाहिलं. "एक?"

"एक," मी म्हटलं आणि तिकीट घेतलं. खिडकीतून दोन्ही बाजूंना भाताची शेतं दिसत होती. पंधरा वर्षांपूर्वी जिथे पांढरा खार होता तिथेही आता हिरवं होतं. म्हातारीला ते दाखवावं असं वाटलं, पण ती झोपली होती.